‘रॉयल ब्लू’ म्हणजे नेमका कोणता निळा?

दरवर्षी १ जून जवळ आला की डेक्कन क्वीनचा वाढदिवस साजरा होतो. केक कापला जातो, इंजिनाला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते. १९३० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी सुरू केली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर लालभडक उठावाच्या पट्ट्या. दुसरा ‘रॉयल ब्लू’, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि वरची अंगे माटुंग्याच्या कारखान्यात घडली होती.

वाक्य झकास आहे. अडचण एवढीच, की त्या वाक्यावरून कुणालाही डबा रंगवता येणार नाही.

‘रॉयल ब्लू’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर शाळेच्या स्वेटरचा निळा येईल, कुणाच्या शाईचा, तर कुणाच्या पैठणीचा. रंगाच्या दुकानात जाऊन ‘रॉयल ब्लू द्या’ म्हटले तर दुकानदार आधी विचारील, कोणत्या कंपनीचा? दोन कंपन्यांचे याच नावाचे डबे उघडून शेजारी ठेवले तर एक जांभळ्याकडे झुकलेला निघेल, दुसरा हिरव्याकडे. रंगाचे नाव हे त्याचे टोपणनाव असते. आधार कार्डाची त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

रेल्वेच्या इतिहासात याचा सर्वांत गमतीदार दाखला इंग्लंडमधला आहे. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे विल्यम स्ट्राउडली यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या इंजिनांना जो रंग दिला, त्याला ‘इम्प्रूव्ह्ड एंजिन ग्रीन’ म्हटले जाई. सुधारित हिरवा! प्रत्यक्षात तो सोनेरी गेरूच्या जवळचा पिवळा होता. ती इंजिने आणि त्यांचे रंगीत नमुने उरले नसते, तर कागदावरचे नाव वाचून पुढच्या पिढ्यांनी ती निष्ठेने हिरवी रंगवली असती.

छायाचित्रे तरी मदतीला येतील, असे वाटते. पण १९३० च्या सुमाराची छायाचित्रे कृष्णधवल, आणि कृष्णधवल फिल्मही एकाच जातीची नव्हती. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल रंग काळा उमटे आणि निळा फिकट. नंतर रुळलेली पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपत असे, पण करड्या छटांतच. म्हणजे एकाच डब्याचे एकाच दिवशी दोन कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो पाहून दोन माणसे दोन वेगळे रंग सांगू शकतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात. हाताने रंगवलेल्या पोस्टकार्डांवर भरवसा ठेवायचा, तर रंगवणाऱ्याने ती गाडी पाहिली होती का, हेच आधी ठाऊक असावे लागते. वयोवृद्धांची आठवण मोलाची खरी, पण रंगाच्या बाबतीत स्मृती फार लबाड. ती प्रत्येक रंग थोडा अधिक गडद, थोडा अधिक झळाळता करून ठेवते.

मग करायचे काय? या प्रश्नावर अमेरिकेतील जुन्या रेल्वेच्या जतनकर्त्यांनी आणि हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांनी एक वाट शोधली आहे. ती रेल्वेच्या कचेरीतून जात नाही, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमधून जाते. जुन्या मोटारींच्या रंगांच्या नमुना-पत्त्यांशी, म्हणजे गॅरेजवाले ज्याला शेड कार्ड म्हणतात त्याच्याशी, रेल्वेचे जुने रंग ताडून पाहायचे.

वरवर हे विचित्र वाटते. रेल्वेचा आणि मोटारीचा काय संबंध? संबंध रंगांच्या कारखान्यांमुळे आहे. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड मोटारींवर जनरल मोटर्सने डुपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला. त्याआधी तेल आणि व्हार्निशचे थर एकावर एक देऊन मोटार रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. प्रत्येक थर वाळेपर्यंत गाडी अडून राही. ड्युको काही तासांत वाळू लागला आणि त्यामुळे कितीतरी नवे रंग बाजारात आले. पुढे त्याच डुपाँचे ‘ड्युलक्स’ इनॅमल अमेरिकी रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर चढले. म्हणजे रंग बनवणारे हात तेच, कोठार तेच आणि अनेकदा क्रमांकांची पद्धतही तीच. डेट्रॉइटमध्ये १९०२ साली सुरू झालेली आणि १९२८ मध्ये पीपीजीच्या छत्राखाली गेलेली डिट्झलर ही कंपनी तर मोटारींच्या दुरुस्तीच्या रंगांसाठीच नावाजलेली. तिची वर्षावार पत्त्यांची पुस्तके आजही संग्राहक जिवापाड जपतात.

यातली खरी मेख व्यवहारात आहे. रेल्वेचा डबा रंगवायची वेळ आली की तो कारखान्यात जातो आणि अख्खा रंगतो. जुन्याशी नवा जुळवण्याचा प्रश्न क्वचित येतो. मोटारीचे तसे नाही. धडक बसते ती एका मडगार्डाला, आणि मालकाला ते मडगार्ड उरलेल्या गाडीसारखेच दिसायला हवे असते. एवढ्या एका गरजेपोटी मोटारधंद्याने गेली शंभर वर्षे प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक रंगाचा क्रमांक, त्याची कृती आणि त्याचा खराखुरा फवारलेला नमुना सांभाळला. छापील चित्र त्यांच्या कामाचे नव्हते. रेल्वेने इतिहास घडवला, पण रंगांचे दप्तर मात्र डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनी ठेवले! सरकारी अभिलेखागाराचे काम बाजाराच्या गरजेने आपसूक पार पाडल्याची अशी उदाहरणे फार नसतील.

ही वाट मुंबई परिसराला जरा जास्तच जवळची आहे. जनरल मोटर्सने भारतातला मोटार जोडणीचा पहिला कारखाना १९२८ साली शिवडीत काढला. म्हणजे माटुंग्यात डेक्कन क्वीनचे डबे रंगत होते, तेव्हा तिथून काही किलोमीटरवर शेव्हरोले जोडल्या जात होत्या आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी रंगांचे पत्ते शहरात येत होते. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला आला. त्याच कुर्ल्यात लोकल गाड्यांचे कारशेड. रंगाचा धंदाही इथलाच. लोअर परळला १९२० मध्ये सुरू झालेली गहागन पेंट्स पुढे गुडलास वॉल आणि मग नेरोलॅक झाली. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिचे संशोधन केंद्र आज तुर्भ्यात आहे.

शेव्हरोलेच्या पत्त्यावरचा निळा म्हणजेच डेक्कन क्वीनचा निळा, असा याचा अर्थ मुळीच नाही. उत्साही मंडळी नेमकी इथेच घसरतात. पत्ता साक्षीदार आहे. त्या काळात रंगकाराच्या हाताशी कोणते निळे होते, ‘रॉयल ब्लू’ या नावाखाली बाजार काय विकत होता, कोणती छटा शक्य होती आणि कोणती अशक्य, एवढे तो सांगतो. निकाल द्यायचा तर डब्याच्या लाकडावर किंवा पत्र्यावर उरलेला मूळ रंगच हवा.

आणि ‘अशक्य छटा’ हा भाग तर निव्वळ रसायनशास्त्राचा आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गडद निळ्या रंगांत थॅलोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते. स्वस्त, प्रखर आणि उन्हात टिकणारे. ते बाजारात आले १९३५ साली. म्हणजे १९३० च्या डब्यावर ते असूच शकत नव्हते. त्या वेळचा रंगकार निळ्यासाठी प्रामुख्याने दोनच डब्यांत हात घालू शकत होता. एक प्रशियन ब्लू, लोहाचे संयुग, काळपट आणि किंचित हिरवट झाक असलेले. दुसरे अल्ट्रामरीन, जांभळ्याकडे झुकणारे. हे दुसरे द्रव्य मराठी घरांना अनोळखी नाही. पांढऱ्या सदऱ्याला आणि धोतराला जी नीळ देत, ती हीच. दोघांचे स्वभाव वेगळे. प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही, चुन्याच्या सहवासात तपकिरी पडतो. अल्ट्रामरीनला आम्ल सोसत नाही. दमट हवा आणि कोळशाच्या धुरातला गंधक अशा मुंबईत तो विटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता समजा, आजच्या थॅलो निळ्यात थोडा पांढरा, थोडा काळा, चिमूटभर लाल मिसळून कुणी तो जुन्या पत्त्याशी अगदी तंतोतंत जुळवला. कारखान्याच्या छपरातून येणाऱ्या उजेडात दोन्ही एकच दिसतात. सगळे खूश. संध्याकाळी डबा फलाटावर पिवळ्या दिव्याखाली आला आणि निळा भलताच दिसू लागला. जुना पत्ता शेजारी धरला तर फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. दोन वस्तूंवरून परावर्तित होणारा उजेड तरंगलांबीगणिक वेगळा असतो, पण एका विशिष्ट दिव्याखाली डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकूपेशी दोन्हींची बेरीज सारखीच नोंदवतात. दिवा बदलला की बेरीज बदलते आणि सोंग उघडे पडते.

शब्द अवघड असला तरी अनुभव घरोघरचा आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊज पीस घ्यायला गेलेली कुठलीही बाई दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही. साडीचा पदर आणि कापड हातात घेऊन ती दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात दोन्ही धरून बघते आणि मगच पैसे देते. मोठे इंजिन रंगवण्याआधी एवढी साधी खबरदारी घेतली गेली, तरी अर्धी कामे सुधारतील.

उरलेली अर्धी यंत्राने सुधारतात. डोळ्याच्या प्रतिसादाचे गणित आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्येच मांडले, म्हणजे डेक्कन क्वीन धावू लागल्याच्या पुढच्याच वर्षी. आज मुठीत मावणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर पत्त्यावर टेकवला की तो प्रत्येक तरंगलांबीला किती उजेड परतला हे मोजतो आणि रंगाचे तीन आकडे देतो. एक उजळपणाचा, दुसरा लाल-हिरव्या अक्षावरचा, तिसरा पिवळ्या-निळ्या अक्षावरचा. दोन रंगांमधले अंतरही आकड्यात येते. ते साधारण १ च्या आत असले तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक ओळखणे कठीण. शिवाय आकडे दिवसाच्या उजेडासाठी वेगळे, बल्बसाठी वेगळे काढता येतात, म्हणजे मेटामेरिझमची फसवणूक डबा रंगवण्याआधीच पकडता येते. चांगल्या रंगाच्या दुकानातही हल्ली हे यंत्र असते. भिंतीच्या रंगासाठी जे सहज होते, ते वारशाच्या इंजिनासाठी होऊ नये याला तांत्रिक कारण नाही.

जुन्या पत्त्यालाही म्हातारपण येते, हे मात्र विसरून चालत नाही. बंद वहीत ठेवलेला पत्ता उन्हापासून वाचतो, म्हणून लाल-निळे फिके पडत नाहीत. पण जवसाच्या तेलावर बेतलेला रंग अंधारात पिवळा पडतो. नायट्रोसेल्युलोजही काळाबरोबर पिवळसर होते. निळ्यावर पिवळी झाक चढली की तो हिरवट दिसतो आणि पाहणारा मान डोलावून म्हणतो, ‘बघा, जुना निळा हिरवटच होता.’ तेलरंगाच्या बाबतीत यावर एक जुना, साधा उपाय आहे. नमुना काही दिवस खिडकीजवळच्या मंद उजेडात ठेवला, की ही पिवळी झाक बरीचशी उतरते. आणखी एक गफलत आकाराची. बोटभर पत्त्यावर गंभीर वाटणारा रंग वीस मीटरच्या डब्यावर चढला की अधिक उजळ, अधिक भडक वाटतो. घराची भिंत रंगवून पस्तावलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

भारतीय मानकांतही या इतिहासाचा एक धागा दडलेला आहे. तयार रंगांसाठीच्या ‘आयएस ५’ या मानकात प्रत्येक छटेला तीन आकडी क्रमांक आहे. सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६, फ्रेंच ब्लू १६६. हेच क्रमांक ब्रिटनच्या ‘बीएस ३८१ सी’ या मानकातही याच नावांपुढे सापडतात. वसाहतीच्या काळातली वहीच इथे पुढे चालू राहिली. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातल्या इंजिनांवर आणि डब्यांवर शेड नंबर लिहिलेला जुना कागद सापडला, तर त्याचा माग थेट काढता येतो. ‘मरून’, ‘क्रीम’, ‘लाल’ एवढेच लिहिलेल्या कागदाचा मात्र काही उपयोग नसतो. देशभरचे डबे कित्येक दशके ज्या मरून रंगाचे होते, नव्वदच्या दशकात जो निळ्याने हटवला, त्या एका मरूनच्या छटा किती, यावर रेल्वेप्रेमी आजही हातघाईवर येतात.

इथवर गोष्ट कुतूहलाची आहे. पण जुना रंग शोधण्याच्या या खटाटोपाला एक बाजू अशी आहे, की तिच्याकडे पाहिल्याशिवाय हा विषय निर्धोक समजता येत नाही. मूळ रंग सापडतो तो खरवडून. डब्याच्या कोपऱ्यावर, बिजागरीच्या मागे, पाटीच्या खाली, जिथे पुढच्या रंगकारांचा हात पोहोचला नाही तिथे, बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासत गेले की झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे एकेक थर उघडे पडतात. तळाशी धातूवर प्रायमर, मग मूळ रंग, मग नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीचा एकेक पापुद्रा. पाहायला विलक्षण सुंदर. आणि त्या प्रत्येक वर्तुळात शिसे असण्याची शक्यता.

जुन्या लोखंडावरचा नारिंगी प्रायमर म्हणजे बहुधा रेड लेड. देवाला फासतात तो पारंपरिक शेंदूर रासायनिकदृष्ट्या हाच. उजळ पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, त्यात शिसेही आणि कर्करोगकारक क्रोमियमही. पांढऱ्यात व्हाइट लेड. रंग पत्र्याला घट्ट चिकटून असेपर्यंत तो कुणाचे फारसे वाकडे करत नाही. कोरड्या घासणीने त्याची धूळ झाली की ती श्वासातून आणि हातावरून तोंडात जाते. शिसे शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. ते हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. कामगार त्याच कपड्यांनी घरी गेला तर धूळही त्याच्याबरोबर घरी जाते, आणि ज्या पोराने इंजिन कधी पाहिलेही नाही त्याच्या रक्तात ते इंजिन उतरते.

भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चांगलाच नियम. पण तो नव्या घरगुती रंगांना लागू आहे. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि सत्तर वर्षांपूर्वी चढलेल्या थरांवर तर कुठल्याच नव्या नियमाची सत्ता चालत नाही. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा ही कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये नोंदलेली होती. पण चौकातले इंजिन रंगवायला कंत्राटदाराने नाक्यावरून उचलून आणलेली तीन माणसे कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतात? त्यांच्या हातात ग्राइंडर असतो, तोंडाला रुमाल असतो आणि शिशाच्या धुळीपुढे रुमालाची किंमत शून्य.

नव्या रंगाचाही वेगळा धोका आहे. हल्लीचे टिकाऊ, चकचकीत, दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग फवारताना त्यातल्या हार्डनरमधून आयसोसायनेट हवेत जातात. रंगकामगारांच्या व्यावसायिक दम्याचे हे जगभर ओळखले गेलेले प्रमुख कारण आहे. एकदा शरीर त्यांना बिथरले, की पुढे अगदी सूक्ष्म मात्राही दम्याचा झटका आणू शकते. त्यांचा वास येऊन सावध होण्याचीही सोय नाही, कारण वास येईपर्यंत मात्रा धोक्याच्या पुढे गेलेली असते. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास किंवा तुर्भ्याच्या गल्ल्यांमध्ये रंग फवारणारी पोरे पाहिली तर साध्या कापडी मास्कपलीकडे फारसे काही दिसत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हा त्यावरचा खरा उपाय. तो महाग आहे, पण दमा स्वस्त नाही.

म्हणूनच वारशाच्या रंगाचे काम ‘हौस’ म्हणून सोडून देणे चुकीचे आहे. जुने इंजिन रंगवताना अचूकता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच कृतीतून साधतात. सगळा रंग ग्राइंडरने साफ करणारा कंत्राटदार एकाच फटक्यात इतिहासही पुसतो आणि शिसेही उडवतो. उलट तळहाताएवढ्या दोन-चार जागा निवडून, वॉटर पेपरने ओल्या घासणीने उघडणारा जाणकार धूळही उडू देत नाही आणि पुरावाही वाचवतो. बाकीचा जुना थर घट्ट असेल तर त्यावरच नवा रंग चढवावा. आतले शिसे झाकलेले राहते, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या अधिक हुशार संशोधकासाठी मूळ थर शाबूत राहतात. खर्च कमी, धोका कमी, इतिहास जास्त. असा सौदा सरकारी कामात क्वचितच हाती लागतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. लोकलला लटकून जाणाऱ्या प्रवाशाला निळ्याच्या छटेचे काय पडले आहे? आक्षेप रास्त आहे. पण रंग तर तरीही लावलाच जातो. उघड्यावर मांडलेली जुनी इंजिने दर काही वर्षांनी रंगतात, बहुधा कुणा महनीयांची भेट ठरल्यावर, आणि त्याचे पैसे प्रवाशाच्या तिकिटातूनच जातात. चुकीच्या रंगाचा डबा बरोबर रंगाच्या डब्यापेक्षा स्वस्त मिळत नाही. फरक असतो तो निविदेतल्या एका ओळीचा. ‘मूळ रंगात रंगवणे’ असे न लिहिता शेड नंबर, तीन आकडे आणि घासणीची पद्धत लिहिली, की काम करणाऱ्यालाही निमित्त उरत नाही आणि काम तपासणाऱ्यालाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. गाड्या बदलतात, रंग बदलतात. डेक्कन क्वीनलाच २०२२ च्या जूनमध्ये एलएचबी डबे आणि त्याबरोबर नवे रूप मिळाले. चालत्या गाडीला जुन्या रंगात गोठवून ठेवणे हा हट्ट झाला. खरे आहे. पण धावत्या गाडीने जुना झगा घालावा असे कुणी म्हणत नाही. मागणी एवढीच, की झगा उतरवताना त्याचा एक तुकडा कापून ठेवावा.

आणि हे काम नवी मुंबईत करणे जितके सोपे आहे तितके देशात क्वचितच कुठे असेल. हार्बर मार्ग खाडी ओलांडून १९९२ मध्ये वाशीला आला, तेव्हा या शहराच्या डोळ्यांत भरली ती पिवळी-तपकिरी लोकल. तिच्या जागी पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरचा डीसी विद्युतप्रवाह बंद झाला आणि जुन्या गाड्यांचे एक पर्व संपले. त्या पिवळ्याचा नेमका आकडा आज मागितला, तर उत्तर म्हणून बहुतेकांच्या मोबाइलमधला फोटो पुढे येईल. मोबाइल तर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मपेक्षाही मोठा खोटारडा, कारण तो रंग सुंदर करूनच दाखवतो. म्हणजे १९३० चा निळा हरवला म्हणून हळहळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत १९९२ चा पिवळाही हरवण्याच्या बेतात आहे.

सानपाड्याला मध्य रेल्वेचे लोकलचे कारशेड आहे. तुर्भे तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तिथे रंग मोजण्यात आयुष्य घालवलेली माणसे आहेत. गॅरेजांमधले जुने मिस्त्री आहेत, ज्यांच्या फळीवर प्रीमियर पद्मिनीच्या काळातली शेड कार्डे तेलकट पिशवीत पडून आहेत आणि मुलगा धंदा बदलेल त्या दिवशी रद्दीत जाणार आहेत. ही तीन ठिकाणे रिक्षाने अर्ध्या तासात फिरून होतात. इंजिनिअरिंगच्या एखाद्या महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ती कार्डे गोळा करून मोजली, आकडे सर्वांना खुले केले, तर निदान पुढच्या शतकातल्या कुणाला ‘पिवळा म्हणजे नेमका कोणता’ असे विचारावे लागणार नाही.

कारशेडने करायचे ते याहूनही थोडे आहे. गाडीला रंग द्यायचा त्याच डब्यातून, त्याच गनने, त्याच दिवशी पोस्टकार्डाएवढ्या दोन पत्र्यांवर फवारा मारायचा. मागे तारीख, रंगाचा शेड नंबर, बॅच नंबर आणि डब्याचा क्रमांक खिळ्याने कोरायचा, म्हणजे शाई उडायची भीती नाही. एक पत्रा काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, आणि दुसरा उत्तरेकडच्या खिडकीत, कारण अंधारातला पिवळा पडला की उजेडातल्याशी ताडून पाहता आला पाहिजे.